लावा पक्ष्याचे पाय आणि सांधे दुखावल्यास करावयाचे उपचार

लावा, म्हणजेच बटेर, हा जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. दाणे टिपणे, पाण्यापर्यंत जाणे, मातीत लोळणे, दांडगट सोबत्यापासून बाजूला होणे, ही त्याची सारी कामे पायांवर चालतात. त्यामुळे लंगडणारा लावा दुखण्याने खचण्याआधी बरेचदा भुकेने आणि तहानेने खचतो, आणि त्यातच कळपातील इतर पक्षी त्याला टोचू लागतात. प्रौढ जपानी लाव्याचे वजन साधारण १२० ते १६० ग्रॅम असते. एवढ्याशा देहात साठा फारसा नसतो, म्हणून पाय धरलेला दिसला की 'उद्या बघू' असे म्हणू नये.

तरीही पट्टी हातात घेण्याआधी थोडे थांबावे. बाहेरून सारखेच दिसणारे लंगडणे निरनिराळ्या कारणांनी होते आणि त्यांचे उपचार कधी कधी अगदी उलटे असतात. फाकलेला पाय बांधावा लागतो, मोडलेला पाय हलू न देता ठेवावा लागतो, आणि अंडे अडकल्यामुळे पाय गळालेल्या मादीच्या पायाला काहीही करायचे नसते. दुखणे पायात दिसले तरी त्याचे मूळ पिंजऱ्याच्या तळात, खाद्यात किंवा अंडनलिकेत असू शकते. ते शोधल्याखेरीज केलेली मलमपट्टी वाया जाते.

आधी लांबून, मग हातात

लावा दुखणे लपवतो. माणूस जवळ आला की लंगडणारा पक्षीही चार पावले नीट टाकून दाखवतो, म्हणून दहा मिनिटे दूर बसून पाहावे. तो एकाच पायावर भार देतो का, घोट्यांवर बसून सरकतो का, तोल सांभाळण्यासाठी पंख जमिनीला टेकवतो का, बोटे आत वळवून मुठीवर चालल्यासारखा चालतो का, हे पाहून ठेवावे. एकच पाय दुखत असेल तर इजा, सरकलेली कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) किंवा तळव्याची जखम यांचा संशय आधी घ्यावा. दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा असेल तर खाद्यातील कमतरता, अडकलेले अंडे, मज्जातंतूंचा विकार किंवा संसर्ग यांकडे लक्ष वळवावे.

तपासताना पक्ष्याला मऊ कापडात सैलसर गुंडाळून डोके झाकावे, म्हणजे तो शांत राहतो. छाती मात्र कधीही आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच त्यांचा श्वास चालतो, आणि घट्ट मुठीत धरलेला लावा खरोखरच गुदमरू शकतो. तपासणी दोन-तीन मिनिटांत उरकावी. तो चोच उघडून धापा टाकू लागला तर लगेच खाली ठेवावे.

मागच्या बाजूला वाकणारा जो सांधा आपल्याला दिसतो, त्याला पुष्कळ जण गुडघा समजतात. तो खरे तर घोटा असतो. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. नेहमी चांगल्या पायापासून सुरुवात करावी, म्हणजे त्या पक्ष्याचे 'नीट' कसे असते ते बोटांना कळते, आणि मग दुखऱ्या पायाशी तुलना करावी. तळवा, प्रत्येक बोट, नखे, घोटा, नळी आणि मांडी या क्रमाने सूज, ऊब, रंग आणि हाडांची करकर तपासावी. शेवटी ग्रॅम दाखवणाऱ्या लहान काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. पुढे रोज सकाळी केलेले हे वजन उपचाराचा गुण येतो आहे की नाही हे नुसत्या नजरेपेक्षा लवकर सांगते.

हाड बाहेर आलेले असेल, रक्त थांबत नसेल, पाय थंड पडून निळा-काळा झाला असेल, मान वळलेली असेल किंवा एकाच वेळी अनेक पक्षी लुळे पडले असतील, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे.

दुखऱ्या पक्ष्याची जागा

कारण काहीही असो, विसावा हा उपचाराचा पाया आहे. बुटकी, हवेशीर पेटी घ्यावी. लावा घाबरला की सरळ वर उसळी मारतो, म्हणून झाकण मऊ कापडाचे किंवा जाळीचे असावे. तळाशी टॉवेल अंथरून त्यावर खरबरीत, न घसरणारे आच्छादन घालावे आणि ते रोज बदलावे. प्रौढ पक्ष्यासाठी पेटीच्या एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस ऊब असावी आणि दुसरे टोक त्याला हवे तेव्हा सरकता यावे इतके गार असावे. पाणी आणि खाद्य उथळ भांड्यांत, चोच सहज पोहोचेल इतक्या जवळ ठेवावे. सतत बसून राहणाऱ्या पक्ष्याच्या छातीवर आणि घोट्यांवर फोड येतात, त्यामुळे ती जागा दिवसातून दोनदा पाहावी. लावा कळपात राहणारा पक्षी आहे. शक्य असेल तर पेटी सोबत्यांच्या नजरेसमोर, जाळीपलीकडे ठेवावी. एकटा ठेवलेला पक्षी बरेचदा खाणेच सोडतो.

पिल्लांचे फाकलेले पाय

अंड्यातून १७-१८ दिवसांनी बाहेर येणारे पिल्लू जेमतेम ६ ते ८ ग्रॅमचे असते आणि काही तासांतच धावू लागते. त्याचे पहिले दिवस गुळगुळीत तळावर गेले तर पाय दोन्ही बाजूंना सरकत राहतात आणि मांडीचे सांधे तसेच वळू लागतात. मी स्वतः पहिल्या खेपेला ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीत, वर्तमानपत्र अंथरले होते. कागद स्वच्छ दिसतो आणि बदलायला सोपा असतो, पण दुसऱ्या दिवशी एक पिल्लू पोटावर पडून पाय वल्ह्यांसारखे मारत होते. त्या पिल्लाला चूक माझी भोवली, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पहिल्या आठवड्यात खरबरीत रबरी जाळी किंवा जाड, पन्हाळीदार स्वयंपाकघरी कागद याखेरीज मी काही अंथरत नाही.

हा विकार पहिल्या तीन दिवसांत लक्षात आला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आठवडा उलटला की आशा झपाट्याने कमी होते, कारण या वयात पिल्लाचे वजन एका आठवड्यात दुपटीहून अधिक होते आणि हाडे ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत वाढत जातात. बांधण्यासाठी स्वतःलाच चिकटणारे बँडेज सर्वांत चांगले, कारण ते पिसांना आणि कातडीला चिकटत नाही. त्याची ४-५ मिलिमीटर रुंद आणि ७-८ सेंटिमीटर लांब पट्टी कापावी. एकाने पिल्लू ओंजळीत उताणे धरावे आणि दुसऱ्याने पट्टी घोट्याच्या खाली, बोटांच्या वर, नळीभोवती एकदा गुंडाळावी, मग दुसऱ्या पायाकडे नेऊन तशीच गुंडाळावी, आणि मधला भाग स्वतःवर दुमडून चिकटवून टाकावा. दोन पायांमधले अंतर पिल्लू नीट उभे राहताना असते तितकेच, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर, ठेवावे. पाय फार जवळ आणले तर ते तोंडावर पडते. फार लांब ठेवले तर बांधण्याचा उपयोगच होत नाही.

बांधल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बोटे पाहावीत. ती फिकट, निळसर किंवा सुजलेली वाटली तर पट्टी लगेच कापून पुन्हा सैल बांधावी. पहिला तास-दीड तास पिल्लू धडपडते, मागे कलंडते, चिवचिवाट करते. ते पाहवत नाही, पण धीर धरावा. बहुतेक पिल्ले संध्याकाळपर्यंत बांधलेल्या पायांनी लुटूलुटू चालू लागतात. पाण्याच्या भांड्यात मात्र आठवणीने गोटे घालावेत, कारण बांधलेले पिल्लू दोन बोटे पाण्यातही बुडते. पट्टी रोज सोडावी, दहा मिनिटे खरबरीत तळावर चालू द्यावे आणि वाढलेल्या नळीच्या मापाने नवी बांधावी. तीन-चार दिवसांत पाय आपोआप खाली राहू लागले की बांधणे थांबवावे.

वळलेली बोटे आणि सरकलेली कंडरा

पिल्लाची बोटे आत वळण्याची कारणे दोन प्रकारची असतात आणि त्यांची गल्लत होते. जन्मतः एखादे बोट वाकडे असेल आणि पिल्लू तरीही तरतरीत धावत असेल, तर ते बहुधा उबवणीतील तापमानाच्या चढउताराने किंवा आनुवंशिकतेने झालेले असते. अशा पायाला पातळ पुठ्ठ्याचा छोटा 'जोडा' करावा: पाऊल पुठ्ठ्यावर ठेवून बोटे नैसर्गिक अंतरावर सरळ पसरावीत आणि कागदी चिकटपट्टीने दोन-तीन दिवस धरून ठेवावीत.

पण दोन्ही पायांची बोटे मुठीसारखी वळली असतील आणि पिल्लू घोट्यांवर चालत असेल, तर जीवनसत्त्व ब-२, म्हणजे रायबोफ्लेविन, कमी पडले असण्याचा संशय घ्यावा. या कमतरतेत पायाकडे जाणारे मज्जातंतू सुजतात, त्यामुळे नुसता जोडा बांधून काही होत नाही. पाण्यात विरघळणारे ब-समूहाचे औषध पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात लगेच सुरू करावे. रायबोफ्लेविन उजेडाने नासते, त्यामुळे औषध घातलेले पाणी उन्हात ठेवू नये आणि रोज ताजे करावे. सुरुवातीला दिलेल्या औषधाने पिल्ले दोन-चार दिवसांत सुधारतात. मज्जातंतूंना फार दिवस इजा पोहोचली असेल तर वळलेली बोटे तशीच राहतात. एकाच जोडीच्या बऱ्याच पिल्लांत हे दिसले तर आईवडिलांचे खाद्य तपासावे, कारण अंड्यात जे उतरते तेच पिल्लाला मिळते.

कंडरा सरकणे हे यापेक्षा कठीण दुखणे आहे. घोट्याच्या मागे एका खोबणीतून जाणारी जाड कंडरा बाजूला घसरते, घोटा चपटा आणि सुजलेला दिसतो, पाय पिळवटतो आणि सरळ होत नाही. मँगनीज आणि कोलीन यांची कमतरता हे याचे नेहमीचे कारण आहे. घसरून काही तासच झाले असतील तर पाय हळूच सरळ करून, कंडरा सैल पडल्यावर, ती अंगठ्याने पुन्हा खोबणीत ढकलता येते. पण हे अतिशय वेदनादायक असते आणि सवय नसलेल्या हाताने करू नये. मँगनीज आता देऊन सरकलेली कंडरा जागेवर येत नाही. तरीही ते द्यावे, कारण त्याच पेटीतली बाकीची पिल्ले त्याने वाचतात.

खाद्याचा हिशेब

मला सर्वांत जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे, कारण पायांची निम्मी दुखणी खाद्याच्या भांड्यात सुरू होतात असे माझे ठाम मत झाले आहे. जपानी लाव्याच्या वाढत्या पिल्लांना सुमारे २४ टक्के प्रथिने लागतात आणि अंडी देणाऱ्या मादीला सुमारे २० टक्के. कोंबड्यांच्या खाद्यात प्रथिने सहसा याहून कमी असतात, त्यामुळे ते खाऊन पोट भरले तरी लाव्याची वाढ खुंटते. एक किलो खाद्यात मँगनीज ६० मिलिग्रॅम आणि रायबोफ्लेविन ४ मिलिग्रॅम असावे. पिल्लांना कॅल्शियम ०.८ टक्के पुरते, मादीला मात्र २.५ टक्के लागते.

हा शेवटचा फरक दुर्लक्षिला जातो. अंड्यावरच्या मादीचे खाद्य पिल्लांना घातले तर जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. उलट पिल्लांचे खाद्य मादीला घातले तर कवच बनवण्यासाठी ती स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम उपसते. नर आणि मादी एकत्र असतील तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्याला लागतो तो खातो.

मऊ, दाबली तर वाकणारी चोच, सांध्यांजवळ फुगलेली हाडे आणि डुलत चालणे ही मुडदूसाची लक्षणे आहेत. त्यात कॅल्शियम, फॉस्फरस आणि जीवनसत्त्व ड-३ या तिघांचा मेळ बिघडलेला असतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यावर उपयोगी पडत नाही, कारण ड-जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. ड-३ अंदाजाने मात्र पाजू नये. ते शरीरात साठते आणि जास्त झाले तर विषासारखे बाधते.

मादीचे पाय गळणे

अंडी देणारी मादी एका सकाळी अचानक उभी राहीनाशी झाली, तर पायांआधी पोट पाहावे. लाव्याचे अंडे साधारण १० ग्रॅमचे, म्हणजे मादीच्या वजनाच्या ७-८ टक्के असते. कोंबडीच्या अंड्याचे हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास पडते. एवढे मोठे अंडे वाटेत अडकले की पायाच्या मज्जातंतूंवर दाब येतो आणि पाय लुळे पडतात. शेपटी खाली-वर हलवत कुंथणे, फुगून बसणे आणि गुदद्वाराच्या पुढे, पोटावर हलक्या बोटाला लागणारा टणक गोळा ही त्याची खूण आहे.

अशा मादीला ३० ते ३२ अंशांची दमट ऊब द्यावी. कोमट पाण्यात पोट बुडेल एवढे दहा-पंधरा मिनिटे बसवावे, नंतर पूर्ण कोरडे करावे आणि काळोख्या शांत पेटीत ठेवावे. पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ते आत फुटले तर मादी बहुधा वाचत नाही. काही तासांत अंडे आले नाही तर पशुवैद्याकडे न्यावे, तेथे कॅल्शियमचे इंजेक्शन देता येते. बरी झाल्यावर दिव्याचे तास कमी करावेत. १४ ते १६ तास उजेड मिळाला तर मादी अंडी देतच राहते. उजेड ८-१० तासांवर आणला की अंडी थांबतात आणि हाडांना भरून येण्याची सवड मिळते.

तळवे, बोटे आणि नखे

लाव्याच्या बोटांभोवती विष्ठा, खाद्य आणि धूळ यांचे गोळे जमतात. आधी हरभऱ्याएवढा असणारा गोळा पाहता पाहता दगडासारखा कडक होतो, आणि आत बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. तो ओढून कधीही काढू नये. नख, कधी कधी बोटाचे पेरही, त्याच्यासोबत निघून येते. पक्ष्याला कापडात धरून पाय १५-२० मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, पाणी थंड झाले की बदलावे, आणि गोळा कडेकडेने बोटांच्या चिमटीत चुरत जावा. शेवटचा पापुद्रा नखाला धरून बसतो. तो त्या दिवशी तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवला तरी चालते. नखातून रक्त आले तर मक्याचे पीठ दाबून धरावे.

गोळा काढल्यावर भिंगाखाली बोट पाहावे. एका पक्ष्याचे बोट सुजून जांभळे झाले होते आणि मी तीन दिवस ती इजा समजत होतो. भिंगातून पाहिल्यावर खाचेत रुतलेला एकच लांब केस दिसला. बारीक कात्रीचे टोक केसाखाली सरकवून तो कापला, आणि दोन दिवसांत बोटाचा रंग परत आला. टॉवेलचे सुटलेले धागे आणि वाढत्या पायात घट्ट झालेली ओळखीची कडी हेही असाच घात करतात.

तळव्याला लाल, चकचकीत डाग, सूज किंवा मधोमध काळी खपली दिसली तर तो तळव्याचा गळू असतो. उघडी तार, ओला भुसा किंवा जादा वजन यांनी कातडी फाटते आणि त्यातून बहुधा स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू आत शिरतात. नुसती लाली असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून दोनदा दहा मिनिटे पाय शेकावा, फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि तळ मऊ व कोरडा करावा. आत टणक गाठ लागत असेल तर घरी चिरू नये. लाव्याच्या तळव्यात कंडरा आणि रक्तवाहिन्या अगदी कातडीलगत असतात. हे जिवाणू माणसालाही बाधू शकतात, त्यामुळे हातमोजे घालावेत.

पायावरचे खवले वर उचललेले आणि खरबरीत दिसत असतील तर ते खवल्यांखाली राहणाऱ्या किडींचे काम असते. कोमट पाण्याने पाय धुऊन त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दोन-तीन आठवडे लावावा. किडींवरचे औषध पशुवैद्याकडून घ्यावे.

मोडलेला पाय आणि सुजलेला सांधा

जाळीत अडकून किंवा दाराखाली सापडून लाव्याची नळी सहज मोडते. तेथे पशुवैद्य चिकटपट्टीचे दोन थर पायाच्या दोन्ही बाजूंनी चिकटवून हलका आधार करतात, कारण लाकडी काडीचे वजनही या पायाला जड होते. तेथे पोहोचेपर्यंत पक्ष्याला गुंडाळलेल्या टॉवेलच्या खळग्यात बसवावे आणि पाय ओढून सरळ करू नये. मांडीचे हाड मोडले तर बाहेरून आधार देता येत नाही. लहान पेटीतला सक्तीचा विसावा किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग उरतात. पक्ष्यांची हाडे लवकर, साधारण दोन-तीन आठवड्यांत जुळतात. नुसती मुरगळ असेल तर दोन दिवसांच्या विसाव्याने फरक दिसायला हवा; दिसला नाही तर ती मुरगळ नाही असे धरून चालावे.

गरम, सुजलेला सांधा संसर्गाचा असू शकतो आणि त्याला योग्य प्रतिजैविकच लागते. सांध्याभोवती पांढरट, खडूसारख्या गाठी दिसल्या तर तो युरिक आम्लाचा संधिवात असतो. तेथे दोष मूत्रपिंडांचा असतो, आणि भरपूर पाणी व कॅल्शियमचे योग्य प्रमाण यांची लगेच व्यवस्था करावी. एक पाय पुढे आणि एक मागे पसरून पडलेला पक्षी मारेक या विषाणूजन्य रोगाची आठवण करून देतो. मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू यांतही पाय लुळे पडतात, म्हणून अनेक पक्षी एकदम आजारी पडल्यास कोणालाही न हलवता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या लाव्याला देऊ नयेत. १५० ग्रॅमच्या देहात त्यांचा कणभर तुकडाही अतिरेक ठरतो. बधिर करणारी मलमेही टाळावीत, कारण पक्ष्यांना त्यांचा त्रास लवकर होतो. वेदना कमी करणे आवश्यक असतेच. दुखणाऱ्या पायाने पक्षी खात नाही. म्हणून पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्यावी, आणि औषध चालू असताना तसेच त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खाण्यात वापरू नयेत. पुष्कळ काळजी घेऊनही पक्षी खात नसेल, वजन रोज घटत असेल आणि वेदना आवरत नसेल, तर त्याला वेदनेविना निरोप देण्याबद्दल पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे.

बरा झालेला पक्षी एकदम कळपात सोडू नये. आधी तीन-चार दिवस त्याची पेटी जाळीपलीकडे ठेवावी, मग एका शांत सोबत्याबरोबर नव्या जागेत अर्धा तास सोडावे, आणि दोघे एकत्र खाऊ लागले की संध्याकाळी, उजेड कमी होत असताना, बाकीच्यांत मिसळावे. पुढचा आठवडाभर त्याचे सकाळचे वजन करत राहावे. दोन दिवस लागोपाठ वजन घटले तर त्याला भांड्यापासून कोण हुसकावते ते पाहावे आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खाद्याचे आणखी एक भांडे ठेवावे.